घर असताना लॉज कशाला?

मे महिन्यात दोन दिवस कुठेतरी जाऊन नुसतं लोळायचं, असं आमच्याकडे मार्चमध्येच ठरलं. ‘नुसतं लोळायचं’ हे शब्द बायकोचे. मागच्या वेळचा अनुभव तिच्या पक्का लक्षात होता. शनिवार-रविवारात आम्ही अलिबाग, कोर्लई, काशीद, मुरुड, जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर एवढं सगळं ‘केलं’ होतं. केलं म्हणजे काय, तर गाडीतून उतरलो, फोटो काढले, परत गाडीत बसलो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा राहिलीच, कारण आम्ही पोचलो तेव्हा नेमकी भरती होती आणि खालची वाट पाण्यात. धाकटा घाटात दोनदा ओकला. रात्री बाबांची शुगर खाली गेली आणि साखर शोधायला मी अनोळखी गावात टपऱ्यांची दारं वाजवत फिरलो. सोमवारी ऑफिसात सगळे विचारत होते, काय, मस्त रिलॅक्स होऊन आलास ना?

तर या वेळी असं काही नाही. एकच गाव, दोन रात्री, कार्यक्रम शून्य.

गाव कुठलं, यावर मात्र चर्चा झाली नाही. बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “आगरदांडा.” बस्स. पंचाहत्तरीचा माणूस एवढं ठाम एरवी औषधांच्या बाबतीतही बोलत नाही, त्यामुळे विषय तिथेच संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आगरदांडा मुरुड तालुक्यात, राजपुरी खाडीच्या उत्तर काठावर. समोर खाडीपलीकडे दिघी, तो श्रीवर्धन तालुका. मधे जंगलजेटी चालते, म्हणजे गाड्या, मोटारसायकली, माणसं, कोंबड्या सगळ्यांना घेऊन जाणारी फेरीबोट. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. रस्त्याने जायचं तर खाडीला मोठा वळसा. जुन्या कागदपत्रांत ‘दंडाराजपुरी’ असं जोडनाव येतं ते याच मुलखाचं. खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून थेट किल्ल्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला तो इथलाच. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि दांडा म्हणजे पाण्यात घुसलेली जमीन, म्हणून आगरदांडा, असं बाबा सांगतात. व्युत्पत्तीवाल्यांनी काय ते बघून घ्यावं.

बहुतेक लोक आगरदांड्याला येतात ते जेटीच्या रांगेत गाडी लावायला. रांगेत वडापाव खातात, खिडकीतून समुद्राचा एक फोटो काढतात आणि दिवेआगरला निघून जातात. मुक्कामाला कुणी येत नाही. म्हटलं, आपल्याला हेच तर हवंय!

मी लगेच एक्सेल उघडलं. (हसू नका. आमच्या घरात लग्नाच्या याद्याही एक्सेलमध्येच झाल्या.) आम्ही चौघं, बाबा, आणि बहिणीकडचे तिघं, एकूण आठ. मुरुडला समुद्राकाठी एक बरी जागा मिळत होती, एसी खोल्या, नाश्त्यासकट. तिथून आगरदांडा जवळच. म्हणजे सकाळी नाश्ता करून आत्याकडे जायचं, दुपारपर्यंत बसायचं, संध्याकाळी परत खोलीवर. आत्याला त्रास नाही, आपल्याला घाम नाही. मला हा तोडगा इतका आवडला की आगाऊ पैसे भरायच्या आधी फक्त कळवायचं म्हणून आत्याला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. कोण कोण येणार, किती वाजता निघणार, मुलांच्या परीक्षा कधी संपल्या. मग मी मुरुडच्या खोल्यांचं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही.

“घर असताना लॉज कशाला?”

मी म्हटलं, अगं तसं नाही, तुला उगाच...

फोन बंद.

“नेटवर्क गेलं असेल,” बायको म्हणाली. नेटवर्क गेलं नव्हतं.

आता आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती बाबांची थोरली बहीण, एक्क्याऐंशी वर्षांची. बाबांचं माहेर (म्हणजे आमचं मूळ घर, पुरुषांनाही माहेर असतंच की) पलीकडच्या काठाला, दिघीच्या बाजूला. तिकडे तेव्हा हायस्कूल नव्हतं. आत्याचं लग्न होऊन ती आगरदांड्याला आली आणि तिच्या पाठोपाठ दोन वर्षांनी बाबा आठवीसाठी तिच्याकडे राहायला आले. तिचंच वय तेव्हा एकोणीस-वीस. सासू-सासरे, दोन दीर, वाडीचं शिंपणं, आणि त्यात हा भाऊ. बाबा मुरुडच्या शाळेत जायचे, जाताना बरेचदा चालत, येताना मिळालं तर कुणाच्या बैलगाडीतून. मॅट्रिकपर्यंत चार वर्षं त्यांचा डबा तिने भरला. शनिवारी दुपारी शिडाच्या होडीने पलीकडे, सोमवारी पहाटे परत. वारा पडला तर होडी खाडीत तासन् तास उभी. “भूगोलाचा सगळा अभ्यास होडीत झाला,” असं बाबा नेहमी सांगतात आणि आम्ही नेहमी ऐकल्यासारखं करतो.

आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आखातात आहे, वर्षातून एकदा येतो. ती घरी एकटी, सोबतीला शेजारची एक मुलगी रात्री झोपायला येते. पुण्याला चल म्हणून आम्ही कितीदा सांगितलं. ती म्हणते, “तिथे येऊन काय करू, तुमच्या बाल्कनीला पाणी घालू?”

आणि मग २०२० चं ते वादळ. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर, सगळ्या पट्ट्यातल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ म्हणजे उंच, सडसडीत झाड, खोड मनगटापेक्षा थोडं जाड. एक माड पडला की तो दहा पोफळींना घेऊन जातो. आत्याच्या वाडीत सासऱ्यांनी लावलेली झाडं होती. पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल, मधे दोन जायफळं, खाली केळी. दुपारनंतर वारा पडला तेव्हा तिला घराच्या मागच्या दारातून खाडी दिसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हे तिने आम्हाला सांगितलं तेही पंधरा दिवसांनी, कारण फोन लागत नव्हते, वीज नव्हती. कित्येक गावांत वीज यायला आठवडे गेले.

आम्ही गेलो नाही. लॉकडाऊन होता, दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागत होता, बाबांचं वय, मुलं लहान... ही सगळी कारणं खरी आहेत. मी मोबाइलवरून पैसे पाठवले, पत्र्याचे आणि कौलांचे. मग दिवाळीला जाऊ म्हटलं. मग दुसरी लाट आली. मग मे महिन्यात जाऊ. पुढल्या मे महिन्यात बहिणीकडे कार्य निघालं. ‘मागच्या वेळचा’ म्हणून वर जो प्रवास सांगितला तो वादळाच्या आधीचा. त्यात आम्ही आत्याकडे पाऊण तास थांबलो होतो. तेवढ्यात तिने आठ माणसांचं जेवण केलं होतं. जंगलजेटी चुकेल म्हणून आम्ही घाईघाईत जेवलो आणि पळालो. ती जेवलेली मी पाहिलीच नाही. खरं सांगायचं तर आत्याला बसलेली मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिली आहे.

बायकोचा मुद्दा हाच होता, आणि तो चुकीचा नव्हता. “आपण रिलॅक्स व्हायला जाणार आणि एक्क्याऐंशी वर्षांची बाई पहाटे पाचला उठून आपल्यासाठी नारळ खवणार. मला नाही जमणार असं लोळायला.” मी म्हटलं, पण लॉजवर राहिलो तर ती दुखावणार. “मग दुखावू दे. कंबर तरी दुखणार नाही.” बहिणीचं मत तिसरंच. एसी नसेल तर तिचे यजमान येणार नाहीत. (दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर लक्षात घ्या, नाव घेतलेलं नाही.)

आठवडाभर हा वाद चालला. मी एक्सेलमध्ये दोन वेगवेगळ्या शीट करून ठेवल्या. बाबा काही बोलत नव्हते, आणि ते बोलत नाहीत तेव्हा घरात जास्त आवाज होतो.

शेवटी एका रविवारी बायकोनेच फोन केला. मला बाहेर पाठवून, दार लावून. अर्ध्या तासाने बाहेर आली ती अटींचा कागदच घेऊन. मुक्काम आत्याकडे. मात्र आम्ही आठ नाही, पाचच. बहीण आणि तिच्याकडचे शनिवारी दिवसभर येऊन रात्री मुरुडला एसीत झोपतील. दोन्ही दिवसांचं जेवण गावातल्या एका खानावळीतून येईल. त्या बाई आत्याच्या ओळखीच्या, हात चांगला, फक्त “तिखट जास्त टाकते, तेवढं मी सांगेन.” आत्या फक्त भात लावेल आणि सोलकढी करेल. तो हक्क तिने सोडला नाही. आणि दुपारी सगळ्यांबरोबर पानावर बसेल. हे शेवटचं कबूल करून घ्यायलाच म्हणे वीस मिनिटं लागली.

“आणि ती म्हणाली, तारीख बदला.”

तारीख? सुट्टी मंजूर झालेली, बहिणीची जुळवलेली, एक्सेलला रंग दिलेला!

मी पुन्हा फोन केला. आत्या म्हणाली, “त्या शनिवारी सप्तमी रे. भांगाचं पाणी. मासळी काय मिळणार तुम्हाला? पुढल्या शनिवारी या, चतुर्दशी आहे.”

हे कळायला मला बाबांकडे जावं लागलं. समुद्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाला असतो. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला तेच पाणी सुस्त, त्याला भांग म्हणतात. डोलीची जाळी ओढीच्या जोरावर चालतात, पाण्याला ओढ नाही तर जाळ्यात मासळी शिरणार कशी? म्हणून भांगाला बाजार थंड. आम्ही शनिवार-रविवार बघून फिरायला जातो, ती तिथी बघते. आमच्या कॅलेंडरवर दोन्ही छापलेलं असतं, पण आम्ही वरचा मोठा आकडा तेवढा वाचतो.

मग बाबांनी मला भरतीचा हिशोब शिकवला. तुम्हालाही सांगतो, किनाऱ्याला जाणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचा आहे. तिथीची पाऊणपट काढायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घड्याळाशिवाय एवढं जमणं काही कमी नाही. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे शनिवारी सकाळी साडेदहाला खाडी भरलेली आणि साडेचारला रिकामी. हरिहरेश्वरला आमची प्रदक्षिणा चुकली तेव्हा बाबा गाडीतच होते. त्यांना तेव्हाही हे येत होतं. म्हटलं, मग तेव्हा का नाही सांगितलंत? “तू विचारलंस कुठे? तुझ्याकडे छापील वेळापत्रक होतं.”

सुट्टी बदलून घेतली. बॉसला कारण काय सांगणार? भांग आहे म्हणून सांगितलं असतं तर त्याने भलताच अर्थ घेतला असता.

आता रस्ता. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, मग महामार्गावर जरा उत्तरेला इंदापूर (हे रायगडमधलं; सोलापूर रस्त्यावरचं नव्हे, मागे एकाने तिकडची दिशा धरली होती), तिथून तळ्यावरून आगरदांडा. मुंबईकरांना अलिबाग-रेवदंडा-साळव-मुरुड हा समुद्राकाठचा रस्ता आहेच, पण आम्हाला तळ्याचा बरा. ताम्हिणीत मे महिन्यात करवंदं आणि जांभळं पानांच्या द्रोणात विकायला असतात, धाकट्याच्या ओकण्यावर तोच उतारा काढणार आहोत. भल्या पहाटे निघायचं, उन्हाच्या आत पोचायचं.

वाटेत एकच ठिकाण ठेवलंय, तेही बाबांच्या पायांनी परवानगी दिली तर. कुड्याची लेणी. तळ्याच्या पुढे, याच राजपुरी खाडीच्या आतल्या फाट्यावर डोंगरात सव्वीस बौद्ध लेणी आहेत. सगळ्यांत जुनी दोन हजार वर्षांच्या आसपासची. मी मुंबईत नोकरीला असताना एकदा गेलो होतो, तिथे माझ्याशिवाय फक्त एक कुत्रा होता. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात राजघराण्यातली माणसं आहेत तसे एक माळी आहे, एक वैद्य आहे आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीसुद्धा आहे. कऱ्हाडचा माणूस एवढा घाट उतरून या खाडीशी काय करत होता, तर धंदा. खाली मांदाडला बंदर होतं, आणि ग्रीक लोकांनी लिहिलेलं मंदगोरा ते हेच, असं बरेच अभ्यासक मानतात. लेण्याच्या ओसरीत बसलं की खाली खाडी दिसते आणि वारा येतो. बसायचं, पाणी प्यायचं, निघायचं.

बाकी सगळं शीटमधून उडवलं. जंजिरा नाही. रांगा, ऊन आणि होडीतून पायरीवर उतरताना बाबांची कसरत, कशाला? तो आत्याच्या गावाहून जरा पुढे गेलं की लांबून दिसतोच. पद्मदुर्ग नाही. फणसाडचं अभयारण्य नाही, शेकरू दिसावं असं थोरलीला फार वाटतंय, पण त्यासाठी थंडीत वेगळे जाऊ. काशीदच्या वॉटरस्पोर्ट्सवरून रडारड झाली, ती खपवून घेतली.

एक गोष्ट मात्र वाढवली. रविवारी सकाळी बाबांना जंगलजेटीने दिघीला जायचंय. गाडी न घेता. नुसतं कठड्याशी उभं राहायचं, पलीकडे उतरून चहा प्यायचा आणि त्याच बोटीने परत यायचं. बायकोने विचारलं, घराकडे जायचं नाही का? तर म्हणाले, घर विकलं, आता तिथे काय. रेवस-रेडी सागरी महामार्गात या खाडीवरचा पूल धरलेला आहे. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून त्या रस्त्याचं बोलणं आम्ही ऐकतोय. पूल झाला की वळसाही गेला आणि होडीचा प्रवासही. लोकांची सोयच होईल, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर बोटीची वाट बघणं काय असतं हे तिथल्या माणसाला विचारावं. बाबांचाही पुलाला विरोध नाही. त्यांना फक्त एकदा जाऊन यायचंय. म्हटलं आत्यालाही न्या. ते म्हणाले, “तिला विचारलं मी. ती म्हणाली, तू जा, मी धक्क्यावरून बघते. पूर्वी बघायची तशी.”

हे ‘विचारलं’ कधी, मला माहीत नाही. माझ्या पाठीमागे त्यांचे फोन चालू असणार.

परवा आणखी एक कळलं. मी तिला म्हणालो, आत्या, आम्ही इतकी वर्षं आलो नाही, राग नको धरू. म्हणायला खूप दिवस लागले, पण म्हणालो. ती म्हणाली, “कसला राग? मीच तर दर वर्षी सांगत होते ना, पुढल्या वर्षी या म्हणून.” आणि खरंच, मला आठवलं. दर मे महिन्यात मी कारण सांगायच्या आधीच ती म्हणायची, ऊन फार आहे यंदा, पुढल्या वर्षी या. आम्हाला सुटल्यासारखं वाटायचं. “उघड्या वाडीत काय दाखवणार होते तुम्हाला? सावली नाही, काही नाही. तुझ्या बापाला तर मुळीच दाखवायची नव्हती.”

त्या वर्षीच्या पावसात तिने पोफळीची रोपं लावून घेतली होती, हे आम्हाला माहीत होतं. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावून सावली केली, मग रोपं. श्रीवर्धनी रोठा, दुसरी सुपारी तिच्या लेखी सुपारीच नाही. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस हा हिशोब कसा मांडतो मला ठाऊक नाही, पाऊणपटीचा काही नियम त्यालाही असेल तर तो तिलाच माहीत.

“यंदा चार झाडांना घोस धरलाय,” ती म्हणाली. “लहान आहे. पण आहे. आता या.”

म्हणून यंदा. म्हणजे आम्ही आपले समजत होतो की ठरवतोय आम्ही.

खाण्याची यादी बायकोने लिहून भिंतीवर लावली आहे: ताडगोळे (सकाळी, उन्हाच्या आत), कापा फणस, मिळाला तर जिताडा, नाहीतर कोलंबी, तिसऱ्या, आणि आत्याची सोलकढी. १ जूनपासून यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे मे महिना म्हणजे शेवटची पंगत. येताना सोडे, सुके बोंबील आणि अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मिळाल्यापासून तो जास्त गोड लागतो असं दाजींचं म्हणणं आहे.

एक्सेलमध्ये शनिवार दुपारचा चौकोन मोकळा आहे. साडेचारला ओहोटी, एवढंच लिहिलंय. थोरलीने त्यात पेनाने भर घातलीय (प्रिंटवर, शीट तिला उघडता येत नाही): ‘आजी बसणार’. आत्याला ती आजीच म्हणते.

काल रात्री पुन्हा फोन. बायकोने उचलला. “चादरी आणू नका, आहेत माझ्याकडे. धुऊन ठेवल्यात.” बायको बरं म्हणाली आणि तिने बॅगेतून चादरी काढून कपाटात ठेवल्या. मग थोड्या वेळाने दोन चादरी परत बॅगेत तळाशी घातल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “सांगू नकोस.”